परीक्षेचे वेळापत्रक आणि आपले घर

(कवठे महांकाळ येथे भरलेल्या आपल्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दहावीच्या विद्यार्थ्यांना उद्देशून चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा आपल्या कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानली. तथापि आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. आमचे आजचे बोलणे विद्यार्थ्यांसाठी जितके आहे, त्याहून अधिक ते त्यांच्या आई-वडिलांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि काका-मामांसाठी आहे. विद्यार्थ्याला उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. शाळेत गुरुजन असतात, घरी वडीलधारी असतात आणि दहावीचे वर्ष लागले की घटकाभर टेकलेला पाहुणासुद्धा "अभ्यास कसा चालला आहे?" असे विचारून दोन हिताच्या गोष्टी सांगून जातो. घराला उपदेश करणारा मात्र कोणी भेटत नाही. ते काम आज आम्ही अंगावर घेत आहोत. त्यात काही कडू लागले, तर वडीलकीच्या नात्याने क्षमा करावी.

आमचा विषय आहे माध्यमिक शालान्त परीक्षेचे अधिकृत वेळापत्रक. हे ऐकून काहींना हसू येईल. तारीख, वार आणि विषय यांचा तो एक साधा कागद. त्यावर व्याख्यान ते काय द्यायचे? परंतु तीसहून अधिक वर्षे शिक्षकी पेशात काढल्यानंतर आमचे असे ठाम मत झाले आहे की, सामान्य बुद्धीचा विद्यार्थी ज्या गुणांना मुकतो, त्यांतील बरेच गुण बुद्धीच्या उणिवेने जात नाहीत. तो कागद नीट न वाचल्याने जातात. आणि तो कागद विद्यार्थ्याने एकट्याने वाचून भागत नाही. तो घराने वाचावा लागतो.

प्रथम या परीक्षेचा थोडा पूर्ववृत्तान्त ध्यानी घेऊ. आपल्या या मुलखात शालान्त परीक्षेला आजोबा-पणजोबांच्या काळी 'मॅट्रिक' म्हणत. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी होते. पुढे स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून निघून स्वतंत्र मंडळाकडे आली. १ जानेवारी १९६६ पासून आजचे राज्य मंडळ अस्तित्वात आले आणि १९७५ साली दहावीच्या नव्या आकृतिबंधाची पहिली परीक्षा झाली. सातारा, सांगली व कोल्हापूर हे तीन जिल्हे मंडळाच्या कोल्हापूर विभागात मोडतात, हे आपणांस ठाऊकच आहे.

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन एवढेच की, ज्या काळी आपल्या पूर्वजांच्या घरी पाटी-पेन्सिल येणे हीच नवलाई होती, त्या काळी शिक्षणाची वाट कोणी तरी मुद्दाम करून द्यावी लागली. राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढविली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोविली. खेड्यातील मुलाला शिकावयाचे असेल, तर त्याला आधी राहावयास जागा आणि अभ्यासास निवान्त वेळ मिळाला पाहिजे, हे त्या थोर पुरुषांनी ओळखले होते. वसतिगृह म्हणजे तरी काय? घरात जो वेळ मिळत नाही, तो मिळवून देणारी जागा. आज शाळा गावोगाव आहेत, पुस्तके आहेत, परीक्षेचे केंद्र जवळ आहे. तेव्हा तो निवान्त वेळ आता आपल्या घरातच निर्माण करणे, हे आपले काम उरले आहे. त्याचे साधन म्हणजे हे वेळापत्रक.

आता मूळ विषयाकडे वळू. वेळापत्रकासंबंधी पहिला नियम असा की, ते अधिकृतच असले पाहिजे. मंडळ आपल्या संकेतस्थळावर ते प्रसिद्ध करते. परंतु ते केवळ माहितीसाठी असून, शाळेकडे छापील स्वरूपात दिले जाणारे वेळापत्रकच अंतिम समजावे, असे मंडळ स्वतःच बजावून सांगते. खाजगी छपाईचे किंवा भ्रमणध्वनीवर हातोहात फिरणारे वेळापत्रक ग्राह्य धरू नये, अशीही सूचना त्यासोबत असते. ही सूचना कोणी वाचत नाही. आमच्या पाहण्यातील एका हुशार मुलाने कोणी मित्राने धाडलेले चित्र खरे मानले. ते आदल्या वर्षीचे होते. वार जुळत नव्हता. पण वार पाहतो कोण? पेपरच्या दिवशी तो घरी शांतपणे उजळणी करीत बसला होता. शेजारच्या मुलीने जाता जाता हाक मारली म्हणून तो धावत सुटला आणि सुदैवाने वेळेत पोहोचला. परंतु त्या दिवशी त्याचे हात जे कापत होते, ते पेपर संपेपर्यंत थांबले नाहीत.

म्हणून आमचे सांगणे असे : शाळेच्या फलकावरील छापील वेळापत्रक मुलाने स्वतःच्या हाताने वहीत उतरून घ्यावे. आपल्या विषयांपुरतेच उतरावे, कारण मंडळाच्या कागदात अनेक भाषा आणि अनेक विषय असतात व त्या गर्दीत आपली ओळ हरवते. उतरलेला कागद वर्गशिक्षकांना दाखवून घ्यावा. पुढे प्रवेशपत्र हाती येईल तेव्हा त्यावरील विषय आणि तारखा त्या कागदाशी ताडून पाहाव्यात. त्याच वेळी आपले नाव, आईचे नाव व जन्मतारीख यांचे अक्षर न् अक्षर तपासावे. तेथील चूक वेळीच शाळेच्या ध्यानी आणून दिली नाही, तर ती पुढे जन्मभर कागदोपत्री छळते.

दुसरा नियम असा की, वेळापत्रकात तारखा वाचाव्यात, तशाच तारखांमधील मोकळ्या जागाही वाचाव्यात. उदाहरणादाखल २०२५ सालच्या परीक्षेचे वेळापत्रक घेऊ. ते आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात जाहीर झाले होते. म्हणजे परीक्षेपूर्वी सुमारे तीन महिने हाती होते. मराठी, इंग्रजी व हिंदी या तीन भाषा घेणाऱ्या आपल्या सामान्य विद्यार्थ्याचे नऊ पेपर होते. शुक्रवार, २१ फेब्रुवारी रोजी मराठी. १ मार्चला इंग्रजी. ३ मार्चला हिंदी. ५ व ७ मार्चला गणिताचे दोन भाग. १० व १२ मार्चला विज्ञान व तंत्रज्ञानाचे दोन भाग. १५ मार्चला इतिहास व राज्यशास्त्र. आणि सोमवार, १७ मार्चला भूगोल.

आता हिशेब मांडा. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत २५ दिवस झाले. त्यांतून पेपरचे नऊ दिवस वजा करा. राहिले १६ मोकळे दिवस. आपण म्हणाल, सोळा दिवस म्हणजे पुष्कळ झाले. परंतु त्या सोळांपैकी तब्बल सात दिवस एकाच ठिकाणी, मराठी आणि इंग्रजी यांच्यामध्ये होते. उरलेल्या सात पेपरांच्या वाट्याला मिळून अवघे नऊ दिवस आले. हिंदीपूर्वी एक, बीजगणितापूर्वी एक, भूमितीपूर्वी एक, विज्ञानाच्या पहिल्या भागापूर्वी दोन आणि दुसऱ्यापूर्वी एक, इतिहासापूर्वी दोन, आणि त्यांतही होळी व धुळवड, भूगोलापूर्वी एक. ज्या विद्यार्थ्याने ही मांडणी डिसेंबरातच पाहिली असेल, त्याला दोन गोष्टी तत्काळ उमगल्या असतील. एक अशी की, गणित आणि विज्ञान यांची तयारी परीक्षेच्या काळात होणे शक्य नाही; त्या एका दिवसात फक्त उजळणी होते, म्हणून ते विषय जानेवारीअखेर पुरे झाले पाहिजेत. दुसरी अशी की, मराठीनंतरचे ते सात दिवस एकट्या इंग्रजीचे नव्हेत. चार दिवस इंग्रजीला द्यावेत आणि तीन दिवस गणिताला व विज्ञानाला आधीच देऊन ठेवावेत. ज्याने हे पाहिले नाही, तो पहिले तीन दिवस "अजून वेळ आहे" म्हणून विसावतो, पुढचे चार दिवस इंग्रजी वाचतो आणि मग ५ मार्चच्या आदल्या रात्री जागरण करतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होय.

दर वर्षी तारखा बदलतात, अंतरे बदलतात. २०२५ सालचा हिशेब पुढच्या वर्षी जसाच्या तसा चालणार नाही, आणि ज्यांनी संस्कृत किंवा अन्य विषय घेतले असतील त्यांची मांडणी निराळी होईल. परंतु रीत हीच राहील. कागद हाती येताच प्रत्येक दोन पेपरांमधील मोकळे दिवस मोजावेत. ज्या विषयापूर्वी सर्वांत कमी दिवस असतील, त्याची तयारी सर्वांत आधी करावी. वेळापत्रक पुढून वाचले की भीती वाटते. मागून वाचले की योजना सुचते.

यासोबत गुणांचाही हिशेब असावा. सहा विषयांचे मिळून ६०० गुण. त्यांतील प्रत्येक विषयाचे २० गुण, म्हणजे एकूण १२० गुण, अंतर्गत मूल्यमापनाचे, तोंडी व प्रात्यक्षिकांचे असतात, आणि तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा लेखी परीक्षेपूर्वीच होऊन जातात. २०२५ साली त्या ३ फेब्रुवारीपासूनच सुरू झाल्या होत्या. म्हणजे परीक्षा खऱ्या अर्थाने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच उभी राहते. पण आपल्या घरात ती पहिल्या लेखी पेपरपासून सुरू झाली, असे मानतात. या आधीच्या १२० गुणांकडे जे दुर्लक्ष होते, ते पुढे एकेका गुणासाठी हळहळताना आठवते. उरलेले ४८० गुण लेखी. भाषांचे पेपर तीन-तीन तासांचे आणि बाकीचे सहा पेपर दोन-दोन तासांचे. एकूण २१ तास. दहा वर्षांच्या शिक्षणाचा झाडा २१ तासांत द्यावयाचा असतो. २०२३ सालापासून पेपरच्या अखेरीस दहा मिनिटे वाढवून दिली जात आहेत. सकाळचा पेपर ११ वाजता सुरू होतो आणि तीन तासांचा असेल तर २ वाजून १० मिनिटांनी संपतो. म्हणून जानेवारीपासून दर रविवारी त्याच वेळेला, ११ ते २ वाजून १० मिनिटांपर्यंत, मुलाने मागील प्रश्नपत्रिका घेऊन एका बैठकीत सोडवावी. रात्री बारा वाजता चालणारे डोके दुपारी बारा वाजता चालेलच, असे नाही. जी वेळ परीक्षेची, ती वेळ सवयीची झाली पाहिजे.

येथवर जे सांगितले, ते विद्यार्थ्याने करावयाचे. आता घराकडे येतो.

आपण बहुतेक द्राक्षबागाईतदार, किंवा बागेशी ज्यांचे पोट बांधलेले आहे असे लोक. एके काळी हा आपला तालुका अवर्षणाचा म्हणून ओळखला जाई. अग्रणीच्या कोरड्या पात्राकडे पाहत आपल्या वडिलांनी उमर काढली. पुढे बोअरच्या, टँकरच्या पाण्यावर बागा जगविल्या गेल्या आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनेमुळे कृष्णेचे पाणी या माळावर चढले. आज योजनेचे आवर्तन कधी सुटणार, याची तारीख लहान मुलालासुद्धा तोंडपाठ असते. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की बागाईतदार दिवस मोजू लागतो. आज कितवा दिवस, कोणती फवारणी, विरळणी कधी, हे सारे वहीत टिपलेले असते. चाळिसाव्या दिवसाचे काम साठाव्या दिवशी करून भागत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग आमचा प्रश्न असा : बागेचा दिवस ज्याला तोंडपाठ, त्याला आपल्या पोरीच्या भूमितीच्या पेपरचा दिवस तोंडपाठ का नसावा?

उत्तर उघड आहे आणि ते आपल्या हातचे नाही, असे आपण म्हणतो. द्राक्षे काढणीला येतात ती जानेवारीपासून मार्चपर्यंत. बेदाण्याच्या शेडमधील गडबड त्याच दिवसांत. व्यापारी सौदा करून जातो, काढणीची टोळी दारात उभी राहते, आभाळ भरून आले की जीव टांगणीला लागतो. वर्षभराची कमाई त्या दोन महिन्यांत घरी यावयाची असते. आणि नेमके त्याच दिवसांत मंडळ परीक्षा घेते. ही अडचण खरी आहे. आम्ही ती नाकारीत नाही. कारण ती आमच्याच घरात घडली आहे.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट सांगावी की न सांगावी, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. काही वर्षांपूर्वी आमची थोरली मुलगी दहावीला होती. वर्गातील मुलांना आम्ही वेळापत्रक समजावून दिले होते. मोकळे दिवस कसे मोजावेत, हे फळ्यावर लिहून दाखविले होते. गणिताच्या दोन पेपरांमध्ये एकच दिवस मोकळा होता. त्या दिवशी आमच्या बागेतील माल उतरविण्याचे ठरले. आम्ही स्वतः परीक्षेच्याच कामासाठी परगावी होतो. घरी तिची आई आणि आजी. टोळीतील माणसांचा स्वयंपाक, चहा-पाणी, धाकट्या भावाला सांभाळणे, यांत त्या मुलीचा सकाळपासूनचा दिवस गेला. रात्री भांडी आवरल्यावर ती आईला एवढेच म्हणाली, "आई, उद्या भूमिती आहे." आई चपापली. "अगं, मग दुपारी बोलायचं नाहीस का?" मुलगी म्हणाली, "दुपारी माणसं जेवायची होती."

ती उत्तीर्ण झाली. चांगल्या गुणांनी झाली, असेही लोक म्हणाले. आम्ही पेढे वाटले. परंतु तिला विज्ञान शाखेकडे जावयाचे होते आणि गणितातील गुणांनी तिचा धीर खचला. तिने आपण होऊन दुसरी वाट धरली. तिने आम्हांला कधी बोल लाविला नाही. आज ती आपल्या संसारात सुखी आहे. पण आमच्या मनात एक शल्य राहून गेले. ज्या कागदावर आम्ही दुसऱ्यांच्या मुलांना व्याख्याने देत होतो, तो कागद आमच्या पिशवीत होता. आमच्या घरच्या भिंतीवर नव्हता. तिच्या आईचा यात काय दोष? तिला कोणी सांगितलेच नव्हते की उद्या भूमिती आहे. सांगण्याचे काम आमचे होते.

धाकट्या मुलाच्या वेळी आम्ही शहाणे झालो. वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या शेजारी लावले. व्यापारी आला तेव्हा त्याला त्या कागदापुढे नेऊन उभे केले आणि सांगितले, "या दिवशी नाही, परवा." तो हसला, पण त्याने ऐकले. टोळीच्या जेवणाचे काम गावातील एका भगिनीला मोबदला देऊन सोपविले. त्याला जो खर्च आला, तो बागेच्या एका फवारणीएवढाही नव्हता. तेव्हा आमच्या ध्यानी आले की, थोरलीच्या वेळीही हे करता आले असते. अडचण पैशाची नव्हती, माणसांचीही नव्हती. ती आठवणीची होती. आणखी एक गोष्ट तेव्हा मनाला टोचली, तीही सांगतो. मुलाच्या वेळी जे आम्हांला सहज सुचले, ते मुलीच्या वेळी का सुचले नाही? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन आपल्याशीच द्यावे.

म्हणून आमची प्रत्येक कुटुंबाला विनंती आहे की, ज्या घरात दहावीचे मूल असेल, त्या घराने तीन गोष्टी कराव्यात. पहिली : वेळापत्रक भिंतीवर लावावे आणि घरातील प्रत्येकाला, वाचता न येणाऱ्या आजीलासुद्धा, ते वाचून दाखवावे. आजीला कळले की घराला कळते. दुसरी : परीक्षेच्या त्या तीन-चार आठवड्यांत साखरपुडा, बारसे, जावळ, वास्तुशान्त यांपैकी जे पुढे-मागे करता येईल ते करावे, मुहूर्त आपण पंचांगात पाहतो, तसा या कागदातही पाहावा. तिसरी : ज्या दिवशी पेपर असेल त्याच्या आदल्या दिवशी त्या मुलाला, आणि विशेषतः त्या मुलीला, घरातील व रानातील कोणतेही काम सांगू नये. तिला साडेनऊ-दहाला झोपू द्यावे, सकाळी वेळेवर खाऊ घालावे आणि साडेदहापर्यंत ती केंद्रावर पोहोचेल अशी सोय करावी. वस्तीवरून येणाऱ्यांनी एसटीच्या भरवशावर न राहता आदल्या दिवशीच वाहनाचे ठरवावे. दोन-तीन घरांनी मिळून केले, तर खर्चही वाटला जातो.

आपल्यातील पुष्कळ कुटुंबे गलाईच्या धंद्यानिमित्त परप्रांतांत पांगली आहेत. कोणी केरळात, कोणी तमिळनाडूत, कोणी उत्तरेत दूरवर आहेत. मुले मात्र गावी आजी-आजोबांपाशी शिकतात. अशा घरांची काळजी आम्हांला अधिक वाटते. त्या आई-वडिलांनी आपल्या दुकानातही हेच वेळापत्रक लावावे. पेपरच्या आदल्या रात्री दूरध्वनी करून "किती गुण पडतील?" असे विचारू नये, "जेवलास का? पेन घेतलेस का?" एवढेच विचारावे. शक्य असेल त्यांनी त्या आठवड्यांत एक फेरी गावी मारावी. यात्रेला आपण हजार कोसांवरून येतो. लेकराच्या परीक्षेला येण्यास कोणता रस्ता बंद आहे?

आता संस्थेविषयी. आपली संस्था दर वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र, टाळ्या, सारे काही यथासांग होते. आम्हांला त्यात आनंदच आहे. परंतु सत्कार निकालानंतर, म्हणजे मे-जूनमध्ये होतो. साहाय्याची गरज असते ती डिसेंबरात. म्हणून आमच्या तीन सूचना कार्यकारी मंडळापुढे ठेवतो. छापील वेळापत्रक हाती येताच आपल्या समाजातील दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी, शाळेतून ताडून घेतलेली त्याची मोठी प्रत संस्थेच्या माणसाने स्वतः नेऊन लावावी. जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत संस्थेचे सभागृह दिवसभर अभ्यासिका म्हणून उघडे ठेवावे. लग्नकार्याला ते वर्षभर मिळतेच, तीन महिने ते पुस्तकांना मिळावे. आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी दर रविवारच्या सराव परीक्षेवर देखरेख करावी. सभागृहात बसणारे शेजारच्या आळीचे, अन्य समाजाचे मूल असेल, तर त्यालाही चटई द्यावी. परीक्षेच्या आसनक्रमांकाला जात नसते; आपल्या अभ्यासिकेलाही नसावी. शाहू छत्रपतींचे नाव घेणाऱ्यांना हे अधिक सांगणे नलगे.

याच संदर्भात आणखी एक शब्द. आपल्यातील काही भगिनींचे शिक्षण लग्नामुळे किंवा अन्य कारणाने अर्धवट सुटले आहे. त्यांना खाजगी विद्यार्थी म्हणून, ज्याला आपण 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणतो तो भरून, या परीक्षेला बसता येते. त्याच्या मुदती परीक्षेच्या पुष्कळ आधी, पावसाळ्याच्या सुमारासच सुरू होतात. म्हणून चौकशी शाळा उघडताच करावी. आई आणि मुलगी एकाच वेळापत्रकाखाली अभ्यासास बसल्या आहेत, असे चित्र आपल्या एखाद्या घरात दिसले, तर आम्ही त्या घरी मुद्दाम चहाला जाऊ.

आणि शेवटी, विद्यार्थ्यांनो, केवळ तुमच्यासाठी. वेळापत्रक हे माणसाने माणसासाठी केलेले साधन आहे. ते दैव नव्हे. २०२० साली करोनाच्या साथीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि २०२१ साली दहावीची परीक्षाच झाली नाही. तरी त्या दोन्ही वर्षांची मुले आज शिकत आहेत, कामाधंद्याला लागली आहेत. एखादा पेपर अवघड गेला, तर त्याची चर्चा केंद्राच्या दारातच सोडून यावी. पुढच्या पेपरचा मोकळा दिवस मागच्या पेपरच्या दुःखात घालवू नये. एखादा विषय राहिलाच, तर पूर्वी ऑक्टोबरापर्यंत थांबावे लागे. २०१५ सालापासून पुरवणी परीक्षा निकालानंतर लवकरच होऊ लागली आहे आणि त्याच वर्षी पुढे जाण्याचा मार्ग खुला राहतो. एका कागदावर आयुष्य थांबत नाही. पण तो कागद नीट वाचला, तर आयुष्याचा एक टप्पा सुकर होतो, हे मात्र खरे.

अध्यक्ष महाराज, आमचे बोलणे लांबले. गेल्या वर्षी आमची थोरली मुलगी माहेरी आली होती. तिची पुतणी आता दहावीला बसणार आहे. जाताना तिने आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरील, धाकट्याच्या वेळचा तो जुना, पिवळा पडलेला कागद पाहिला आणि म्हणाली, "दादा, हा कागद मी नेऊ का? तारखा जुन्या आहेत, पण कसा लिहायचा, ते आमच्या घरी दाखवीन." आम्ही तो काढून तिच्या हाती दिला. जे तिला वेळेवर देता आले नाही, ते तिच्या हातून पुढच्या मुलीला पोहोचते आहे, एवढेच समाधान.

आपणही आज घरी गेल्यावर भिंतीवरील एक जागा मोकळी करून ठेवावी, एवढी विनंती करून, आणि आपल्या सर्व परीक्षार्थी बालकांना सुयश चिंतून आम्ही आपली रजा घेतो.